हाल्डेनबाखसाहेबांना पत्र

मुंबई विमानतळाकडे जाणारी टॅक्सी दारात उभी होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या पर्समध्ये एक पाकीट कोंबत होते. मी वैतागले. आधीच सामान जास्त झालं होतं. "हे हाल्डेनबाखसाहेबांच्या घरच्यांना पोचव," ते म्हणाले. "जर्मनीला चाललीच आहेस, तर तेवढं कर. आभाराचं पत्र आहे."

हे साहेब आमच्या घरातलेच होते. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या गाळ्यात आप्पा द्राक्षाच्या काड्या तपासून देत. छाटणीच्या आधी शेतकरी काड्यांच्या जुड्या घेऊन येत. आप्पा ब्लेडने काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, चिरत आणि जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली आत घड धरलाय का ते बघत. 'डोळे तपासून मिळतील' अशी पाटी त्यांनीच रंगवली होती, त्यामुळे चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्या आजीबाईही रांगेत बसत. सूक्ष्मदर्शक एका कॉलेजच्या भंगारातून आणलेला. त्याच्या बैठकीवर साहेबांचं नाव कोरलेलं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालताना आप्पा म्हणत, "यांच्या जिवावर तू शिकतेस, पोरी."

इथे आले आणि पाच वर्षं ते पाकीट कपाटात पडून राहिलं. सांगायला लाज वाटते. नोकरी, व्हिसा, भाषेचा क्लास. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना ही कारणं पाठ असतील. आप्पा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारत, मी "बघते" म्हणे. या हिवाळ्यात त्यांनी विचारणंच सोडलं. ते मात्र मला सोसेना.

भिंगं बनवणाऱ्यांच्या एका जुन्या शहरात छोटं संग्रहालय आहे. तिथल्या बाईंनी मी दाखवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतला नंबर कारखान्याच्या जुन्या वहीत शोधला. कारागिराचं नाव योहान. कारखान्यात दोन योहान होते, म्हणून डोंगरातल्या हाल्डेनबाखहून आलेल्याला सगळे गावाच्या नावाने हाक मारत. त्यानेही पितळेवर तेच कोरलं. त्याचं खरं आडनाव वहीत नाही. मुलंबाळंही नव्हती.

आप्पांनी जन्मभर एका गावाला साहेब म्हटलं होतं. रविवारच्या कॉलवर मी हे त्यांना सांगितलं.

त्यांनी ते सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच निघाला की. सायखेड्यात आपल्याला कोण सायखेडकर म्हणत होतं? माझे वडील नाशकात आले, तेव्हा झालो. गाव सुटल्याशिवाय कोणी 'कर' होतं का?"

"आप्पा, पत्राचं काय करू?"

"त्याच्या गावात नेऊन दे."

"मराठीत आहे ते."

"असू दे. गावाला पोचलं म्हणजे झालं."

शनिवारी हाल्डेनबाखला जातेय. बसने तीन तास लागतात.

फोन ठेवून मी दाराबाहेर आले. इथे बेलवर आडनाव लावतात. माझ्या बेलवर नुसतं 'कर' होतं. पोस्टमनला जड जायला नको म्हणून आल्या आल्या मीच आधीचं 'सायखेड' कापून टाकलं होतं. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी अडखळते, आणि इकडे ते मीच खोडून बसले होते. मला फार रडू आलं. मग बेलवरची नावाची पट्टी काढली, उलटी केली आणि पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं बारीक काढावी लागली, पण सायखेडा मावला.