शेळीसाठी काळ्या फिती

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, सोजरआक्कामुळे. आणि मागच्या महिन्यात चिंचवडच्या भर सभेत माझी जी शोभा झाली, तीही तिच्यामुळेच.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला माणूस मी. आक्काची शाळा नववीत सुटली, पण वाचनाचं वेड सुटलं नाही. मी चौथीत असताना तिनं कुणाकडून तरी ‘काजळगडचा वाटाड्या’ नावाचं जाडजूड पुस्तक मागून आणलं आणि परत द्यायच्या आत मला तीनदा वाचून दाखवलं. काजळराजा जगातले सगळे दिवे चोरतो आणि केदू नावाचा पोरगा ते परत आणायला निघतो, अशी ती गोष्ट. मला सगळ्यात आवडायची केदूची शेळी, येसू. काजळराजाचा शाप ज्या कागदावर लिहिलेला असतो, तो कागदच ती शेवटी खाऊन टाकते. (इतका समंजस शेवट मी नंतर कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही.)

पुढे मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत लागलो. आलेला पार्ट ड्रॉइंगशी ताडून बघायचा, केसाएवढा फरक असला तरी लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. राहायला पुनावळे. कंपनीची बस चाकणच्या चौकात रोज इतकी तुंबते, की तेवढ्या वेळात मी अख्खं ‘काजळगड’ बसला सांगून टाकलं.

“तुमी वाचलंय का ओ साहेब हे?” आमचे ऑपरेटर दिगंबरभाऊ विचारायचे.

“तीनदा,” मी म्हणायचो. (‘ऐकलंय’ म्हणायला माझं काय जात होतं!)

येसूनं शाप खाल्ला त्या दिवशी बसनं टाळ्या वाजवल्या. केदू वसतिगृहात राहून दिवे घडवायची विद्या शिकतो आणि तिथली पातळ आमटी खाऊनही घरी पळून येत नाही, त्या प्रकरणाला तर दिगंबरभाऊंचे डोळे भरून आले.

आणि मग बातमी आली, ‘काजळगड’वर सिनेमा येतोय. बसमध्ये लग्न ठरल्यासारखा आनंद. ट्रेलर आला तेव्हा एकेका फोनवर चार-चार डोकी. घोडे होते, गरुड होते, आग ओकणारं काहीतरी होतं. शेळी नव्हती.

“मुद्दाम लपवली असेल राव,” मागून कुणीतरी म्हणालं.

“लपवायला ती काय नवी नवरी हाय?” दिगंबरभाऊ तापले. “काळ्या फिती लावू. कंपनीतला चहा पांचट झाला तवा लावल्या होत्या. आठ दिवसांत सुधारला.”

ठरलं. पहिल्याच खेळाला जायचं, आणि खेळानंतर शेजारच्या हॉलमध्ये पुस्तकाच्या चाहत्यांची चर्चा होती, तिथे निषेध नोंदवायचा. मी फरकांची यादी तयार केली. पहिली ओळ: शेळी, आढळली नाही.

मला हे सगळं आक्काच्या देखत करायचं होतं. सिनेमाच्या निमित्तानं निघालेली पुस्तकाची नवी आवृत्ती मी तिच्यासाठी घेतली आणि तिच्याच हातानं उघडावी म्हणून प्लॅस्टिकसकट तशीच ठेवली. पण आक्का यायलाच तयार होईना. आधी गुडघे दुखत होते. दुसऱ्या दिवशी कांदा काढायचा होता. गाडी पाठवतो म्हटलं तर गाडी लागत होती.

“आक्का, अगं त्यांनी येसूला काढून टाकलंय,” मी कळवळून सांगितलं.

आक्का म्हणाली, “तर मग मी मुळीच येत न्हाई.”

शेवटी माझी बायको सुनीता स्वतः गावी जाऊन तिला घेऊन आली.

सिनेमात केदूनं तलवारीवर वीज झेलली आणि शापाचा कागद जाळला. आमची अकरा जणांची रांग फिती लावून कठोर बसली होती. (दिगंबरभाऊंनी दोनदा शिट्टी मारली, पण फीत आठवून लगेच तोंड दाबलं.)

चर्चेत कुणी केदूच्या केसांवर बोलत होतं, कुणी किल्ल्याच्या रंगावर. मी यादी आणि आक्कासाठी घेतलेलं पुस्तक घेऊन उठलो. “मंडळी, तुम्ही केसांचं काय घेऊन बसलात? इथे अख्खी शेळी गायब आहे.”

चर्चा चालवणारी चष्म्यातली मुलगी म्हणाली, “कुठली शेळी?”

“येसू.”

“काका, मी पुस्तक पाच वेळा वाचलंय.”

“नीट वाचलं नसेल.” (हे मी खरंच म्हणालो.)

“येसूला न्याय मिळालाच पाहिजे!” मागून दिगंबरभाऊंनी घोषणा दिली आणि बाकीच्यांनी ती उचलली. आक्का माझी बाही ओढत होती. “बबन, खाली बस.”

“थांब आक्का, हे तुझ्यासाठीच चाललंय.”

“म्हणूनच सांगती, बस.”

“काका,” मुलगी नम्रपणे म्हणाली, “पुस्तक तुमच्याच हातात आहे. पान दाखवा ना.”

मी प्लॅस्टिक फाडलं. शेवटचं प्रकरण काढलं. केदू, तलवार, वीज, जाळ. आधीचं प्रकरण. त्याच्या आधीचं. शेळीचं लेंडूकसुद्धा नाही. नव्या पोरांना मी इतकी वर्षं सांगत आलोय: आधी ड्रॉइंग उघडा, मग लाल शिक्क्याला हात लावा.

आक्का उठली. “शेळी आमची व्हती,” ती हळू आवाजात हॉलला म्हणाली. “ह्यो चौथीत असताना मेली. ह्यो जेवंना, शाळंत जाईना. मग मी तिला पुस्तकात घातली.”

कुणी हसलं नाही. चष्म्यातली मुलगी पुढे आली. “मावशी, मग तुमच्या गोष्टीत शेवट कसा होतो?”

आक्कानं सांगितला. येसूनं कागद खाल्ला तेव्हा हॉल उभा राहिला. माझी यादी कुणी मागितली नाही. चार दिवसांनी मी आक्काला पत्र टाकलं, ते असं:

ती. सोजरआक्कास सा. नमस्कार.

फोनवर बोलवेना म्हणून कागद घेतला. ‘काजळगड’ आता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचलं. दिगंबरभाऊंचं म्हणणं, पुस्तक चुकलंय, आक्का बरोबर आहे. बसमध्ये अजून कुणी फीत काढायला तयार नाही.

आणखी एक. केदू वसतिगृहात राहतो, ते प्रकरणही पुस्तकात नाही. पुढे शिकायला मी वसतिगृहात होतो तेव्हा घरी पळायला दोनदा पेटी घेऊन एसटी स्टँडपर्यंत आलो होतो, आणि केदू पळाला नाही म्हणून दोन्ही वेळा मागे फिरलो होतो. म्हणजे आक्का, मूळ पुस्तकाप्रमाणे बघितलं तर मी पदवीधर नाहीच. कंपनीत कुणाला कळू देऊ नकोस. तिथे मी अजून क्वालिटीत आहे.

तुझा,
बबन