बिघाड पिस्तुलात की मनगटात

आमच्या चर्चच्या दारात इझेल पेटवे उभा असला की आत शिरणाऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. कडक इस्त्रीचा काळा सूट, पांढरे सुती हातमोजे, एक हात पाठीमागे मूठ करून. दुसऱ्या हाताची नुसती दोन बोटं हलवायचा आणि तुम्हाला कळायचं, डावीकडचा तिसरा बाक. आमच्या बायकांच्या रविवारच्या टोप्या छत्रीएवढ्या. कुणाच्या मागे कुणाला बसवलं यावरून दुसऱ्या चर्चमध्ये लोक वर्षानुवर्षं बोलत नाहीत. इझेलने बसवलेल्या जागेवरून कधी कुणाची कुरबुर ऐकली नाही.

आम्ही दोघं बेसेमर गावातल्या लोखंडाच्या खाणीमागे, कंपनीच्या घरांच्या एकाच ओळीत वाढलो. त्याचा बाप खाणीत, माझाही. इझेल पुढे पाइपच्या कारखान्यात लागला, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायला. कारखाना बंद पडला तेव्हा मी दारात ठाण मांडून बसले होते, पोलिसांच्या गाडीत दोनदा जाऊन आले. इझेलने शाळेची बस चालवायचं लायसन्स काढलं. मी त्याच्या अंगणात जाऊन ओरडले, "घाबरट! मोर्च्याला का येत नाहीस?" तो गाडी पुसत होता. म्हणाला, "लुवेनिया, तुम्ही सगळे मोर्च्यात. पोरांना शाळेत कोण सोडणार?" मी चिडून निघून आले.

त्याचा थोरला भाऊ ओथा. गावातला सगळ्यात देखणा न्हावी. त्याला थरथरीचा रोग झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग चालणं, शेवटी गिळणंसुद्धा. वस्तरा खाली ठेवला त्या दिवशी ओथा जेवला नाही. पुढची सहा वर्षं इझेल रोज बस लावून यायचा आणि भावाला चमच्याने भरवायचा. हे मी कशाला सांगते ते पुढे कळेल.

दुसऱ्या राज्यात कुठल्याशा चर्चमध्ये गोळीबार झाला तेव्हा आमच्या पाळकांनी राखणीचं पथक काढलं. प्रमुख हॉलिस टिडमोर, पोलिसातून निवृत्त झालेला, मनगटं डुकराच्या मांडीएवढी. दारावरचा माणूस हत्यारबंद असलाच पाहिजे, असा नियम झाला. इझेलने पिस्तूल घेतलं ते तळहातात मावणारं. का? तर सुटाला फुगवटा नको. बंदूक निवडायची असली कारणं आमच्याकडेच सापडतात.

छोट्या पिस्तुलांचं मला कळतं, आणि ते कुणी शिकवलेलं नाही. कोर्टाचा हुकूम फाडून दारात येणारे नवरे ज्यांना आहेत, अशा बायका मदतीसाठी माझ्या ऑफिसात येतात. पिस्तूल घ्यावं की नाही यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर आधी त्यांच्या घरी आठवडाभर राहून या. दुकानदार त्यांना सांगतो, "मॅडम, हजार गोळ्या मारल्या, एकदाही अडकलं नाही." मारल्या कुणी? बैलासारख्या माणसाने. कशातून? नुकत्याच पुसून तेल दिलेल्या पिस्तुलातून. माझ्या बायका ते पर्समध्ये ठेवतात, केसांच्या पिना आणि बिस्किटांच्या चुऱ्याबरोबर. नवरा दार तोडत असताना ती आधी पिस्तूल पुसत बसणार आहे का?

मोठ्या पिस्तुलात सगळं ऐसपैस असतं, थोडी घाण, थोडा ढिलेपणा ते चालवून घेतं. छोट्यात तेवढी जागाच नाही. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग धक्क्याने मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलतो. त्यासाठी मागे मनगट भिंतीसारखं घट्ट लागतं. मनगट ढिलं पडलं तर धक्का तेच खातं, आणि पुंगळी अर्धवट बाहेर, धुराड्यासारखी उभी अडकते. म्हणून माझी पद्धत अशी: ज्याचं पिस्तूल त्याच्याच हाताने, खिशातून जसं निघेल तसं, खिशातल्याच गोळ्यांनी. अडकलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी हात, मग गोळ्या भरायचं मॅगझिन, मग साफसफाई. सगळं एकदम बदललं तर गुन्हेगार सुटतो.

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं इझेलचा डावा हात पाठीमागे असायचा. आता उजवा असायचा.

मी त्याच्या बायकोला, वर्डेलला, चर्चच्या स्वयंपाकघरात गाठलं. ती मासे मक्याच्या पिठात घोळवत होती.

"तुझ्या नवऱ्याचा उजवा हात पाठीमागे का?"

ती तोच मासा पिठात पुन्हा पुन्हा उलटत राहिली.

"कॉफीचा कप धरला की हात हलतो," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाटतं, ओथाचं दुखणं आलं. मला म्हणतात, कुणाला सांगितलंस तर बघ."

"डॉक्टर?"

"डॉक्टरचं नाव काढलं की उठून अंगणात जातात. म्हणतात, नाव दिलं की दुखणं घरात राहायला येतं. रात्री उशीखाली हात दाबून झोपतात गं, लुवेनिया."

माझं डोकं फिरलं. त्याच्यावर, वर्डेलवर, ओथाला नेणाऱ्या त्या रोगावर. पण ओरडून उपयोग नव्हता.

वसंतात हॉलिसने पथकाची वार्षिक परीक्षा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी अट घातली, चर्च सुटल्यावर थेट यायचं, वाटेत कुणी पिस्तूल पुसायचं नाही. आधीच्या परीक्षा शनिवारी व्हायच्या आणि सगळे आपापली हत्यारं लग्नातल्या नवरदेवासारखी चकचकीत करून आणायचे. इझेल त्या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण झालेला.

हॉलिसच्या चुलत्याच्या शेताकडेला लाल मातीचा उंच बांध आहे, तिथे जमलो. कुणीतरी उकडलेल्या शेंगांचं पातेलं आणलं होतं. वर्डेल गाडीला टेकून उभी होती, हातात पर्स घट्ट धरून.

इझेलची पाळी आली. तो अजून सुटातच होता. कोटाच्या खिशातून आधी जुने हातमोजे काढून वर्डेलला दिले, मग पिस्तूल काढलं. कानांवर झापडं चढवली. हात पुढे केले. मी जवळ होते म्हणून दिसलं, बोटं जराशी हलत होती.

चाप ओढला. नुसतं टक्.

"नळीचं तोंड समोरच ठेव," मी ओरडले. अशा वेळी गोळी उशिराही सुटते. थोडं थांबलो. मग त्याने ती गोळी काढून टाकली आणि पुन्हा चाप ओढला. या वेळी बार झाला. आणि पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकली.

हॉलिस प्रेमळ आवाजात म्हणाला, आणि त्या प्रेमळपणाचाच मला राग आला, "मनगट, ब्रदर पेटवे. मनगट सुटलं तुमचं. वय होतं हो माणसाचं. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून देतो, सावलीत बसा."

इझेलने पिस्तूल फळीवर ठेवलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं. ओथाने वस्तरा ठेवल्यावर असंच पाहिलं होतं.

"वर्डेल, गाडी काढ."

"गाडी काही निघत नाही," मी म्हटलं. "हॉलिस, पहिलं टक् झालं ते कसं? तेही मनगटानेच केलं का? चाप ओढायला मनगट कशाला लागतं?"

"सिस्टर लुवेनिया, एखादी गोळी खराब निघते."

"मग तू मार. हेच पिस्तूल, याच गोळ्या. बदलायचा तो फक्त हात."

"मी? या खेळण्यातून?"

"का? बोट आत जात नाही?"

लोक हसले. हॉलिसने अडकलेली पुंगळी झटकली, पाय रोवले, त्या डुकराच्या मांड्या पुढे केल्या. पहिली गोळी सुटली. दुसरीची पुंगळी अडकली.

"माझी पकड नीट बसली नव्हती," तो म्हणाला.

"अस्सं! त्याचं अडकलं तर मनगट, तुझं अडकलं तर पकड?"

त्याने पुन्हा मारली. पुन्हा धुराडं. आता कुणी हसलं नाही, कारण इझेल पुढे आला होता. कानांवरची झापडं एका बाजूने सुटून लोंबत होती.

"अजून एकदा मार, हॉलिस."

"ब्रदर पेटवे..."

"मार म्हणतो ना!"

अडकली.

"बिघडलंय!" इझेल ओरडला. सत्तरीचा माणूस, काळ्या सुटात, लाल मातीत नाचायला लागला. "वर्डेल! पिस्तूल बिघडलंय गं! पुरतं बिघडलंय! देवाची कृपा, कसलं भंगार पिस्तूल आहे हे!"

"दीड महिन्याची पेन्शन घातली त्यात," वर्डेल म्हणाली. ती रडत होती की हसत होती, तिलाच माहीत.

पुढे मॅगझिन बदललं, तरी अडकलं. तेव्हा मी गोळ्या काढल्या, पिस्तूल उघडलं आणि दात कोरायच्या काडीने आत खरवडलं. घोड्याच्या, म्हणजे ठोका देणाऱ्या हातोडीच्या, पुढून सुताचा बोळा निघाला, तेलाने करडा झालेला. पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली दुसरा. मी ते फळीवर मांडत गेले. उंदराचं घरटं बांधता आलं असतं. त्या गादीवर घोडा आपटला तर टक् होणार नाही तर काय होणार?

"पिस्तुलावर काय ठेवतोस तू?" मी विचारलं.

"काही नाही. जुने हातमोजे. खिसा फुगलेला दिसू नये म्हणून वरून पसरतो."

"आणि तेल किती घालतोस?"

"भरपूर. दर शनिवारी वरून सोडतो."

वर्डेलने पर्समधून ते मोजे काढून माझ्यासमोर धरले. धुऊन धुऊन बोटांची टोकं विरली होती, हातात धरले तरी धागे उडत होते. परीक्षेच्या शनिवारी तो पिस्तूल उघडून, पुसून यायचा तेव्हा आत काहीच नसायचं. रविवारी देवाच्या दारात उभा राहायचा तेव्हा खिशात कापसाने चोंदलेलं लोखंड. इतके रविवार गेले, आणि कुणी वाईट माणूस त्या दारात आला नाही. मी हॉलिसकडे पाहिलं. त्याच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

पिस्तूल साफ झालं. मी ते पुन्हा इझेलपुढे धरलं, आणि त्याचं नाचणं थांबलं.

आता बाकीचं सगळं बदलून झालं होतं. राहिला होता फक्त त्याचा हात.

"नको," तो माझ्यापुरतं म्हणाला. "एवढ्यावरच राहू दे."

"इझेल, खरं काय ते इथेच कळू दे. सगळे आपलेच आहेत."

त्याने वर्डेलकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पाय रोवले, दोन्ही हात पुढे केले. एक बार. पुंगळी उडून गवतात पडली. दुसरा. तिसरा. प्रत्येक पुंगळी गवतात. मॅगझिन रिकामं झालं आणि वरचा भाग मागे जाऊन थांबला, जसा थांबायला हवा तसा. समोरच्या कागदावर भोकं कुठेही पडली होती, एक तर कागदाच्या खांबात. त्याचं त्याला काही नव्हतं. तो तसाच उभा राहिला, रिकामं पिस्तूल समोर धरून, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

हॉलिस म्हणाला, "दारावरची जागा तुमचीच, ब्रदर पेटवे. फक्त पिस्तुलाला चामड्याचं पाकीट घ्या आणि त्या खिशात दुसरं काही घालू नका."

"आणि नेम?" मी विचारलं.

"नेमासाठी मंगळवारी माझ्याकडे यायचं."

सगळे शेंगांकडे वळले. मी इझेलला बांधाच्या सावलीत ओढलं.

"ऐक. पिस्तूल म्हणजे डॉक्टर नाही. मनगट घट्ट आहे एवढंच कळलं. हात का हलतो ते नाही कळलं."

मला वाटलं, आता उठून जाणार. पण तो शेंग सोलत बसला.

"इतका भ्यालो होतो ना, लुवेनिया, की विचारायचीसुद्धा ताकद नव्हती," तो म्हणाला. "आज वाटतं, विचारून बघता येईल."

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात होते, फोनवर पालिकेच्या साहेबाला पाण्याच्या बिलावरून झाडत होते. दुसरा फोन वाजला. साहेबाला थांबायला सांगितलं.

"लुवेनिया," इझेलचा आवाज. "ओथाचं नाही."

मी खुर्चीत बसले. "नीट सांग."

"डॉक्टरीण बाई होती. पोरगीच. मला व्हरांड्यातून चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोल गोल काढायला लावलं. म्हणाली, तुमच्या भावाचा हात मांडीवर नुसता ठेवला तरी हलायचा ना? म्हटलं, हो. आणि तुमचा काही धरल्यावर हलतो. म्हटलं, हो. म्हणाली, हे वेगळं दुखणं. वाढेल थोडं, कप सांडाल. पण चाकाच्या खुर्चीत बसवणारं नाही. आणि कॉफी कमी करा."

"किती पितोस?"

"ते मी तिलाही नाही सांगितलं."

मागे गाड्यांचा आवाज येत होता. हॉस्पिटलच्या बाहेर उभा असावा.

"तू रडतोयस का रे?"

"वर्डेल रडतेय," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "मी पीचची तळलेली करंजी खातोय. समोरच गाडी लागते. गरम आहे, भाजतंय. ठेवतो आता."

मी साहेबाचा फोन पुन्हा उचलला. तो बिचारा अजून थांबलेला. म्हटलं, "साहेब, उद्या फोन करते. आज तुमच्यावर ओरडायला जमत नाही."

"बरं आहात ना, मॅडम?" त्याने घाबरून विचारलं.