साहेबाला पाठीवर घेणारा शिपाई

भीमाप्पा आणि मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं शेजारी शेजारी साचे भरले. रिटायर झाल्यावर माणसं गप्प घरी बसतात. ह्यानं कादंबरी लिहायला घेतली. इंग्रजांच्या काळातली, लढाईची. नायक त्याचा आजोबा, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियाला गेलेला. दहाव्या प्रकरणात आजोबा जखमी साहेबाला पाठीवर घेऊन भर गोळीबारात नदी पार करतो. पुस्तक त्याच्या मच्छे गावात घरोघरी गेलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

गावातल्या विहाराबाहेर आजोबाच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. मजकूर भीमाप्पाच्या मुलानं, अमरदीप वकिलानं लिहिला, नदीच्या प्रसंगासकट. पाथरवट सोमवारी हात घालणार होता. रविवारी सकाळीच भीमाप्पा माझ्या दारात.

"नदीचं मी आत्याकडनं ऐकलतो का मनानं लिवलंय, मलाच कळंना झालंय," तो म्हणाला. "दगडावर खोटं गेलं तर पुसू कसं?"

"लिहिताना कळत नव्हतं?" मी चिडलो.

"तवा सगळंच खरं वाटत होतं रं."

मी गाडी काढली. आत्या, म्हणजे आजोबाची मुलगी कोंडाबाई, येळ्ळूरला असते. वय ब्याण्णव, डोकं शाबूत. विचारल्याबरोबर तिनं नदीचा प्रसंग घडाघडा सांगितला. साहेबाच्या बुटातनं गळणारं पाणीसुद्धा सोडलं नाही. मला हायसं वाटलं. भीमाप्पा मात्र डोकं धरून बसला.

"आता काय झालं?"

"तिला वाचाय येत न्हाय. परत्येक परकरण मी पयलं तिलाच वाचून दाखवलंय. बुटातलं पाणी माझं हाय."

आता माझंही डोकं चालेना. एकच साक्षीदार, आणि तिला ह्यानंच पढवून ठेवलेलं. हसावं की ह्याला दोन शिव्या द्याव्यात, समजेना.

शेवटी भीमाप्पा आत्याच्या जवळ सरकला. "आत्या, माझं पुस्तक सोड. तू तुझ्या डोळ्यांनी काय बघितलंस तेवढं सांग."

"आईनं आबाला कधी वाढलं न्हाय," कोंडाबाई म्हणाली. "मरेपत्तोर न्हाय. ताट मीच न्यायची."

"का गं?"

"आईचा भाऊ बी गेलता पलटणीत, आबाच्या भरवशावर. दोघं गेले, आबा एकटाच आला. आई म्हणायची, साहेबाला नदीतनं उचलून आणलंस, माझ्या भावाला सोडून आलास."

म्हणजे नदी खरी होती. पण भीमाप्पाचा चेहरा बघवेना. असा एक शिपाई होता हेच त्याला माहीत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तो आजोबाला दोनशे पानं मिरवत होता, त्याच गोष्टीसाठी आजी जन्मभर रुसली होती.

त्यानं तिथूनच अमरदीपला फोन लावला. "दगडावर आणि एक नाव घालायचंय. आजोबाच्या आधी."

"सांगा आप्पा, लिहून घेतो."

भीमाप्पानं आत्याकडं बघितलं. ती मान हलवत राहिली. "आईनं घरात ते नाव कुणाला घेऊ दिलं न्हाय रं. मला ठावं न्हाय."

कादंबरीत ह्यानं वीस-पंचवीस शिपायांना मनानंच नावं दिली होती. आता फोन कानाला लावून तो नुसता बसून होता, आणि पलीकडून अमरदीप पुन्हा पुन्हा नाव विचारत होता.