मापाची सुतळी

बाईने मंडळीत उभं राहून देवाचं वचन वाचावं की नाही, हे मला आई जिवंत असेपर्यंत ठरवता आलं नाही. ठरवायची वेळही आली नव्हती. आई गेली त्या दिवशी ती वेळ आली, आणि तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमची वस्ती डिंगोऱ्याच्या पुढे, उसाच्या रानांत. मोजकी ख्रिस्ती घरं, पत्र्याचं एक लहान प्रार्थनामंदिर आणि ओढ्यापलीकडच्या चढावर कबरस्थान. पाळकसाहेब कितीतरी गावांना मिळून एकच आहेत, त्यामुळे ते येतात त्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि एरवी उपासना याकोबकाका चालवतात. काका आमच्या मंडळीचे पंच. आईपेक्षा थोडे लहान, आणि तिला ताई म्हणणारे.

आई या मंडळीची बायबलबाई होती. लग्नाआधी तिने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, बाळंतिणीसाठी प्रार्थना करायची, हे तिचं काम. वस्तीतल्या पुष्कळांना प्रार्थना करायला तिनेच शिकवलं. पण प्रार्थनामंदिरातल्या उपदेशाच्या मेजामागे ती कधी उभी राहिली नाही. शनिवारी झाडलोट करताना ती ते मेज ओल्या फडक्याने पुसायची आणि बाजूला व्हायची.

माणूस गेलं की तिचं आणखी एक काम असे. बाईमाणसाला न्हाऊ घालणं तिच्याकडे होतं, पण माप ती सगळ्यांचंच घेई. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी लावायची, वर वीतभर सोडायची, गाठ मारायची आणि ती सुतळी कबर खणणाऱ्या पोरांकडे पाठवून द्यायची. कबरस्थानाच्या फाटकापर्यंत ती स्वतः जाई. पुढे सुतळी कोणा पुरुषाच्या हाती दिली जाई, कारण आमच्याकडे माती देताना बायका आत जात नाहीत. त्या फाटकाबाहेर बसतात. पुरुष परतले की मग फुलं घेऊन आत जातात. वडिलांच्या वेळी आईने त्यांचं माप घेतलं, सुतळी दिली, आणि ती फाटकाबाहेर बसून राहिली. ही रीत शास्त्रातली नाही, आमचे पूर्वज ख्रिस्ती होण्याआधीची आहे, असं आई म्हणे. पण ती पाळायचीच, असं सगळे म्हणत, आणि आईही पाळत असे.

ती वाद घालणारी नव्हती. मात्र मी विचारलं तर बोलत असे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की बायकांनी सभेत गप्प राहावं, तीमथ्याला लिहिलं की बाईने पुरुषाला शिकवू नये. हे शब्द मला अडवत. आई शेंगा सोलता सोलता म्हणायची, "आगं, त्याच पौलानं त्याच मंडळीला लिवलंय का न्हाई, बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं म्हणून? जिला तोंडच उघडायचं न्हाई तिला पदर घ्यायला कशाला सांगंल त्यो?" मग ती फिबीचं नाव घ्यायची, जिची पौलाने मंडळीची सेविका म्हणून ओळख करून दिली. प्रिस्किल्लेचं घ्यायची, जिने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसासारख्या विद्वानाला मार्ग नीट समजावला. राजाची माणसं संदेश विचारायला हुल्देकडे गेली, दबोरेने इस्राएलाचा न्याय केला. आणि शेवटी पुनरुत्थानाची सकाळ. "पयला निरोप मरीयेकडं दिला प्रभूनं. बाप्ये व्हते की. दाराला कडी लावून बसले व्हते घरात." एवढं बोलून ती स्वतःच हसायची.

मला तिचं म्हणणं पटायचं आणि तरी धीर व्हायचा नाही. तीमथ्याचं पत्रही शास्त्रच आहे. ज्याचा अर्थ मला पुरता लागत नाही, ते मी केवळ मनाला रुचत नाही म्हणून बाजूला कसं सारू? शेवटच्या आजारात तिने माझा हात धरून सांगितलं, "माझ्या मातीला तू वाच." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून म्हटलं.

ती उन्हाळ्यात गेली, पहाटे, झोपेत. पाळकसाहेब वार्षिक सभेसाठी नगरला होते आणि दुसऱ्या दिवसाआधी येऊ शकत नव्हते. मी फोनवर त्यांना आईची इच्छा सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मावशींचा मला फार आदर आहे. पण शास्त्र आपल्या भावनेपेक्षा मोठं आहे. काका वाचतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ते प्रामाणिक माणूस आहेत, आणि त्यांच्या मनात जे होतं तेच ते बोलले, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईला न्हाऊ घालायला मार्थावहिनी माझ्याबरोबर होत्या. शेजारच्याच. त्यांनी आईचे केस विंचरले, पांढरं पातळ नेसवलं. दुपारी याकोबकाका ओट्यावर येऊन बसले तेव्हा मी पुन्हा विषय काढला.

"पोरी, तुजी आई माजी सख्ख्या बहिणीवानी," काका म्हणाले. "पन रीत ती रीत. बायांनी फाटकाशी थांबायचं."

"तिनं सांगून ठेवलंय काका."

"आसंल. लई काय काय सांगायची ती. मला बिडी सोड म्हणून जलमभर सांगत व्हती."

"मंग सोडली का?" मार्थावहिनींनी आतून विचारलं.

"न्हाई."

बसलेल्या बायका हसल्या. काकाही हसले आणि लगेच त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आज तुला मुभा दिली तर उद्या दुसरी उठंल. पाळकसाहेबांला काय तोंड दावू?"

"न्हाऊ घालाया बाया, रडाया बाया, च्या टाकाया बाया," मार्थावहिनी भांडी आवरत म्हणाल्या. "वाचाया तेवढे हे."

वहिनींसारखा राग मला येत नव्हता. भीती वाटत होती की काका आणि पाळकसाहेब बरोबर असतील.

तयार पेट्यांतली सगळ्यात लांब शवपेटी नारायणगावच्या सुताराकडून टोमॅटोच्या पिकअपमधून आली. चालकाने क्रेट उतरवून हौदा धुतला होता, तरी वास राहिला होता. ऊस उभा असला की बिबट्याच्या भयाने आमच्याकडे दिवेलागणीनंतर ओढ्यापलीकडे कोणी जात नाही, म्हणून ऊन कलायच्या आत निघालो. फाटकाशी पोचल्यावर बायका थांबल्या. पेटी आत गेली. माती चालू असताना आई त्या फाटकातून पहिल्यांदाच आत गेली, ती चौघांच्या खांद्यावरून. हे मनात आलं. मी कुंपणाच्या दगडाला धरून बसले.

थोड्या वेळाने आतून आवाज वाढले. कोणी म्हणत होतं उचला, कोणी म्हणत होतं आडवी करा. मग फावड्याचा आवाज येऊ लागला. एक जण पाणी न्यायला बाहेर आला, त्याच्याकडून कळलं की कबर लांबीला कमी पडली. पेटी उतरत नव्हती. आई उंच होती. पोरांनी सकाळी अंदाजाने खणली होती.

मार्थावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या ध्यानात एकदमच आलं. सुतळी गेलीच नव्हती. सुतळी पाठवणारी आईच होती, आणि ती गेल्यावर वस्तीत एकालाही सुतळीची आठवण झाली नव्हती. सुतळीचा गुंडा घरात खुंटीला होता. आम्ही न्हाणीत जाता-येता तो पाहिला होता.

वहिनी तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. मी उठून कुंपणाच्या कडेने थोडी पुढे गेले, कोणाला दिसू नये म्हणून. तिथे खालच्या कांद्याच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. त्या बाजूने एक म्हातारी चढून आली. मेंढपाळाच्या घरातली. हातात काठी, पायात टायरच्या चपला. ती माझ्यासमोर थांबली.

"का रडतीस, बाय?"

मी पदराने डोळे पुसले.

"कुणाला हुडकतीस?"

"आईला," मी म्हटलं. असंच तोंडातून गेलं.

"कुठं हाय ती?"

मी आत बोट दाखवलं.

"मंग हितं कशाला हुडकतीस? जा की आत." आणि लगेच, "माजं करडू चुकलंय बग. काळं हाय, कपाळाला पांढरं. बिबट्या हाय म्हनं हितं. दिसलं तर हाळी दे." ती हाका मारत उसाच्या बांधाने निघून गेली.

का रडतेस, कोणाला शोधतेस. हे दोन प्रश्न मी लहानपणापासून पुनरुत्थानाच्या दर रविवारी ऐकत आले आहे. कबरेबाहेर रडत उभ्या असलेल्या मरीयेला प्रभूने विचारलेले ते प्रश्न. त्या म्हातारीला त्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती करडू शोधत होती आणि मीही काही शोधते आहे असं तिला वाटलं. याहून जास्त मी त्या घटनेबद्दल सांगू शकत नाही. इतकंच सांगते, की तोपर्यंत मी ती गोष्ट आईच्या बाजूचा एक पुरावा म्हणून ऐकत होते. त्या क्षणी प्रथमच वाटलं की मला काही विचारलं गेलं आहे आणि उत्तर मलाच द्यायचं आहे.

मी फाटकातून आत गेले.

काका त्यांच्या पत्नीच्या कबरेच्या कट्ट्यावर बसले होते. मिरीकाकी. शेवटच्या दुखण्यात आई रोज त्यांच्याजवळ बसायची, त्यांचंही माप तिनेच घेतलं होतं. पोरं कबरेची पायथ्याची बाजू खणत होती. मला पाहून ती थांबली. पेटी कडेला उन्हात ठेवलेली होती. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. कोणी अडवलं नाही.

काका पेटीकडे पाहत होते. "दोरी धाडायला कुनीच न्हवतं बग, पोरी," ते म्हणाले. "ताईनं आख्ख्या वस्तीची मापं काढली. तिचं काढायचं आमाला सुचलं न्हाई."

"कुणालाच सुचलं नाही काका."

पोरांनी काम संपवलं. पेटी उतरली, आणि या वेळी नीट बसली. काका उठले, पुस्तक उघडलं, पहिली ओळ वाचली. आवाज फाटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. मग त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"तू वाच. मला दिसंना झालंय."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मी पदर डोक्यावर घेतला आणि वाचलं. माणूस मातीतून आला आणि मातीला मिळतो, आणि जो ख्रिस्तात निजला तो उठवला जाईल, हे वाचलं. आवाज चांगला लागला नाही. मध्ये एक ओळ गाळली गेली, ती मागे जाऊन घेतली. मान वर केली तेव्हा मार्थावहिनी माझ्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे बाकीच्या बायका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पहिली मूठ मी टाकली. दुसरी काकांनी.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनी घरी प्रार्थना केली, आईबद्दल मनापासून बोलले. निघताना म्हणाले, "ताई, झालं ते झालं. पण याचा नियम करू नका." मी म्हटलं, नियम करणारी मी कोण. पुढे पंचांच्या बैठकीत विषय निघाला आणि काही न ठरताच राहिला. उपदेशाचं मेज आहे तिथेच आहे. शनिवारी ते मी पुसते. त्यामागे मी उभी राहिलेले नाही, आणि कधी राहीन की नाही मला माहीत नाही.

दुःख याचं आहे की आईला यातलं काही दिसलं नाही. जन्मभर ती त्या फाटकाशी पोचून परत फिरली. आम्ही बायका आत गेलो, तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं. हे दुःख जात नाही, आणि ते जावं अशी प्रार्थनाही मी करत नाही. ती म्हातारी नंतर भेटली नाही. आठवड्याने मी त्या रानात गेले तर मेंढ्या हलल्या होत्या. निरगुडसरच्या अंगाला गेल्या असतील, शेतमालक म्हणाला. करडू सापडलं का, हेही कळलं नाही. मी तिच्यासाठी आणि त्या करडासाठी प्रार्थना करते.

पावसाळ्यानंतर वस्तीत एक म्हातारे गृहस्थ वारले. याकोबकाका स्वतः माझ्या दारात आले. "माप घ्याया चल," एवढंच म्हणाले. मी खुंटीवरचा गुंडा काढला. माप घेतलं, वीतभर सोडलं, गाठ मारली. फाटकाशी नेहमीप्रमाणे एका पोराने हात पुढे केला. मी सुतळी त्याला दिली नाही. स्वतःच आत गेले आणि खणणाऱ्यांच्या हाती दिली. काका पाठ करून बिडी ओढत उभे होते. वळले नाहीत.

पुनरुत्थानाच्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरेकडे निघालेल्या बायकांपुढे एक अडचण होती. कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाटेत त्या एकमेकींना तेच विचारत होत्या. तरी त्या चालत राहिल्या, कारण मेलेल्याची सेवा राहिली होती. मी मात्र आधी धोंड हलू दे म्हणून कितीतरी वर्षं वाट पाहत घरी बसले होते. तीमथ्याच्या पत्राचा पुरता अर्थ मला अजून लागलेला नाही. तो मी प्रभूच्या हाती ठेवला आहे. त्याने मला जेवढं दिलं, तेवढ्यासाठी मी त्याचे आभार मानते: एक प्रश्न, एक उघडं फाटक, आणि आईची सुतळी.

आईच्या कबरेवर पायथ्याची माती वेगळी दिसते. तिथे ती मागाहून खणली होती, म्हणून थोडी खचली आहे. काका म्हणाले, भर टाकून सारखी करून घेऊ. मी म्हटलं, राहू द्या.