पाठ न पाहिलेला गठ्ठा

हातात कुठलाही कागद आला की मोडीकाका आधी तो उलटा करून पाहत. लग्नपत्रिका असो नाहीतर औषधाचं बिल, आधी पाठ, मग पोट. नाशिकच्या एका कचेरीत जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी स्कॅन करायचं काम निघालं, तेव्हा मोडी वाचायला त्यांना बोलावलं होतं. मी स्कॅनरवर होतो. काका डब्यातली पोळीसुद्धा उलटून बघतात, असं मी सगळ्यांना सांगायचो. तेही हसायचे.

"अरे, गावचा कोतवाल कागदाला महाग होता," ते म्हणत. "उशिरा कळलेलं पोर तो पानाच्या मागे लिहायचा. पाठ पाहिली नाहीस, तर ते पोर जन्मलंच नाही."

गिचमिड अक्षरातून नावं सोडवताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "ये रे सखाराम, ये बाबा," असं पुटपुटत ते एकेकाला बाहेर काढत. चार दिवसांत गेलेलं मूल सापडलं, की त्यांचा चहा तसाच राहायचा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आठवडाभर घरी होते. जाताना बजावून गेले, "दोन्ही बाजू घे हं." पण वरून घाई चालली होती आणि बहुतेक पानं पाठकोरीच असत. वणीकडच्या गावांचा अख्खा गठ्ठा मी एकाच बाजूने स्कॅन केला. गठ्ठा तळघरात गेला, तिथे पाइप फुटला आणि त्याचा लगदा झाला.

पुढे वणीकडची एक म्हातारी आली. "माझ्या सासऱ्याची जन्माची नोंद पायजे, साहेब. नातीची जातपडताळणी अडकलीय. नाय मिळाली तर तिचं नर्सिंगचं अॅडमिशन जातंय."

काकांनी संगणकावर त्या गावाचं पान काढलं. तळाशी मोडीत लिहिलं होतं, 'बाकी नोंद पाठीवर.' पुढचं चित्र दुसऱ्याच पानाचं होतं. काका माझ्याकडे वळले. मी स्कॅनरची काच पुसत राहिलो.

"चूक माझी आहे, बाई," काका म्हणाले. "डोळे अधू झालेत माझे. पाठ बघायची राहिली."

मग तीन आठवडे ते तळघरातल्या ओलीत बसून विणायच्या सुईने पानं सोडवत होते. हाती शाईचे डाग तेवढे आले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर फार बरं झालं असतं. अॅडमिशन गेलं. थंडीत काकांचा खोकला छातीत उतरला आणि तेही गेले.

आता मी प्रत्येक पान उलटतो. त्याने काही भरून येत नाही, हे मला कळतं.

परवा ती म्हातारी दुसऱ्या कागदासाठी आली होती. "ते चष्मेवालं म्हातारं कुठंय?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"गेल्या माणसाला बोलू नये," ती म्हणाली, "पर माझ्या नातीचं लय नुकसान केलं त्यानं."

मी मान डोलावली.