आमच्या पाटीतलं शेण

वादळानं लोहाऱ्याकडून येणाऱ्या लाइनीचे खांब आडवे केले आणि गावची वीज गेली. दुष्काळाचं साल, पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं, तेही मोटार चालली तर. मग सोसायटीनं ठरवलं की गोबरगॅसवर इंजिन चालवून मोटारीपुरती वीज गावातच करायची. अट एकच: जी आळी शेण देईल, तिला पाणी.

आमच्या बौद्धवाड्यात जनावरं उरली होती कुठं? मी आणि सासूबाई जनावरांच्या चारा-छावणीच्या वाटेवर शेण वेचायचो आणि पाट्या भरून गॅसच्या खड्ड्यापाशी न्यायचो. तिथला राखणदार आमचं शेण काडीनं उकरून बघायचा, माती मिसळली का म्हणून. वरच्या आळीच्या पाट्या तशाच आत. माझं डोकं फिरायचं.

तरी गॅस धरेना. खड्ड्यावरची लोखंडी टाकी वर यायचं नाव घेईना. इंजिन जरा वेळ फुरफुरून बंद पडायचं आणि पाणी आमच्या हौदापर्यंत यायचंच न्हाय. सोसायटीच्या चेअरमननं चावडीवर सांगून टाकलं की खोट आमच्या शेणात आहे, उद्यापासून वाड्याचं पाणी बंद. घरात घागरीच्या तळाशी गढूळ पाणी, तेच पोरीला पाजत होते. मेल्यांनो, शेणातसुद्धा आमचीच खोट!

मला आधीपासून संशय होता. आमची पाटी खड्ड्यात पडताना मी कधी बघितलीच नव्हती. "ठेव तिथं," राखणदार म्हणायचा आणि आम्हाला वाटेला लावायचा. त्या दिवशी पाटी ठेवली आणि भिंतीआड उभी राहिले. त्यानं फावड्यानं सगळं शेण ओढून मागच्या उकिरड्यावर टाकलं. आमच्या आधीच्या पाट्यांचा ढीग तिथं वाळून दगड झाला होता.

सासूबाईंना आणि चेअरमनला मी तिथंच आणून उभं केलं. राखणदार चाचरत म्हणाला की या गॅसनं चढलेलं पाणी महादेवाला जातं. चेअरमनला हे नवीन नव्हतं, तोंडावरच दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मालक, हे शेण तुमच्याच बैलांचं हाय. आमी निस्तं उचललंय."

चेअरमन खाली बघत म्हणाला, "तेच तर, बाई."

सासूबाईंनी पदर खोचला, ढीग फोडला आणि पाटी स्वतः खड्ड्यात रिकामी केली. कुणाची अडवायची छाती झाली न्हाय. त्या दिवसापासून आमचं ताजं शेणही खड्ड्यात पडायला लागलं, आणि काही दिवसांत टाकी वर आली, आमच्या हौदात पाणी पडलं, पोर घटाघटा प्याली. वरच्या आळीनंही तेच पाणी भरलं. एकीनंही घागर ओतून दिली न्हाय.