मुलुंडचा कातळेश्वर

समीक्षाचा फोन लागला नाही की मला वाटतं, ती लिफ्टच्या खड्ड्यात उभी आहे आणि वर कुणीतरी बटण दाबलंय. थोड्या वेळाने तिचाच फोन येतो, "काय गं आई, रेंज नव्हती," आणि मी "काही नाही, येताना भेंडी आण," असं काहीतरी सांगून मोकळी होते. आज ती आतल्या खोलीत झोपली आहे, फोन तिच्या उशाशी आहे, तरी माझा डोळा लागत नाही. आजची भीती खड्ड्याची नाही, नावाची आहे.

समीक्षा माझी मुलगी. लिफ्ट दुरुस्त करते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर तिच्या वर्गातल्या मुली ऑफिसात बसल्या. हिने लिफ्टच्या कंपनीत नोकरी धरली आणि पहिल्याच महिन्यात ग्रीसने माखलेला पंजाबी ड्रेस घरी आणला. तेव्हापासून पँट-शर्ट. बोरीवलीतल्या जुन्या सोसायट्यांचे वॉचमन तिला विचारायचे, "मॅडम, मेकॅनिक किधर है?" ही म्हणायची, "आया ना, सामने तो खडा है."

एकदा ती डबा विसरली म्हणून द्यायला गेले, तेव्हा तिला काम करताना पाहिलं. प्रत्येक मजल्यावर 'काम चालू आहे'ची पाटी लावून झाली होती. तरी ती गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेली, मेन स्विच पाडला, फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले. मगच खड्ड्यात उतरली.

"पाटी लावलीस ना पण?" मी वरून विचारलं.

"आई, पाटी कोण वाचतं?" खालून आवाज आला. "आणि तू वाकू नकोस. तुला काढायला मलाच यावं लागेल."

नोकरीत सात वर्षं काढल्यावर तिने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. जुन्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल करायची, एवढंच. ह्यांनी, म्हणजे समीक्षाच्या पप्पांनी, पहिला प्रश्न विचारला तो मला, "बाबांना कोण सांगणार?"

बाबा म्हणजे माझे सासरे, राजाराम. गिरणी बंद पडल्यावर गावी जाऊन राहिले. घरातलं मोठं काम त्यांच्या होकाराशिवाय होत नाही, आणि देवाला विचारल्याशिवाय ते होकार देत नाहीत. आमच्या गावचा देव कातळेश्वर. त्याच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि आधी कुठली पाकळी गळते त्यावरून देवाचं उत्तर कळतं. त्याला कौल म्हणतात.

नातीने नोकरी सोडावी, याला देवाने होकार दिला. मग नावाचा कौल लावायचं ठरलं आणि तो आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिला. फोन बाबांच्या हातात होता, त्यामुळे बराच वेळ आम्हाला देवळाचं छप्पर दिसत होतं.

"आजोबा, देव दाखवा ना! पंखा नको!" समीक्षा ओरडली.

नावं दोन होती. समीक्षाला 'वरखाली' हवं होतं.

"वरखाली? ह्या काय नाव?" बाबा म्हणाले.

"लिफ्ट दुसरं काय करते, आजोबा?"

बाबांनी सुचवलेलं नाव अर्थातच देवाचं, कातळेश्वर. दादू गुरवाने सांगितलं की उजवी पाकळी पडली तर देवाचं नाव, डावी पडली तर पोरीचं. उजवी पडली, तीही लगेच. "देवान दिल्यान!" बाबांचा आवाज देवळात घुमला. समीक्षा माझ्या कानाशी पुटपुटली, "देव पण आजोबांच्याच पार्टीत."

"देवान दिलेला नाव बदलूचा नाय हां, चेडवा."

"नाही बदलणार, आजोबा," ती म्हणाली. शब्द दिला की ती तो पाळते, अगदी शाळेपासून. हा गुण मला कधीकधी फार जड जातो.

तिच्या ओळखीच्या तीन इमारती लगेच तिच्याकडे आल्या. त्यांच्या लिफ्टमध्ये तिने स्टिकर लावले, 'कातळेश्वर लिफ्ट सर्व्हिस' आणि खाली तिचा मोबाइल नंबर. आता कांदिवलीची सात विंगची सोसायटी तिला काम द्यायला तयार आहे. रविवारी त्यांची मीटिंग आहे. सेक्रेटरीने सांगितलंय, नोंदणी झालेली कंपनी हवी, निदान नाव मंजूर झाल्याचा कागद तरी मीटिंगमध्ये दाखवा. हे काम मिळालं तर तिचं बस्तान बसेल. नाही मिळालं तर तीन इमारतींवर फार दिवस निघणार नाहीत, आणि पुन्हा नोकरीसाठी त्याच साहेबांच्या दारात उभं राहायला लागेल. ते ती करणार नाही, हेही मला माहीत आहे.

म्हणून उद्या सकाळी सीएच्या ऑफिसात जाऊन नावाचा अर्ज भरायचा आहे. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने कंपन्यांच्या सरकारी साईटवर आपलं पूर्ण नाव घातलं. एकही नोंद निघाली नाही. "मोकळं आहे, आई. झकास!" ती म्हणाली, जेवली आणि झोपली. लॅपटॉप तसाच उघडा राहिला.

मला राहवलं नाही. कॉलेजात असताना लायब्ररीत पुस्तक शोधताना आम्हाला शिकवलं होतं की पूर्ण नाव सापडलं नाही तर एका शब्दावर शोधा. मी नुसतं 'कातळेश्वर' घातलं. तीन नावं आली. एक काजूवाला, एक ट्रान्सपोर्टवाला. तिसरं, कातळेश्वर एलिव्हेटर्स. पत्ता मुलुंडचा. कंपनी चालू.

मिळतंजुळतं नाव दुसऱ्याला देत नाहीत, हे त्याच साईटवर लिहिलंय. लिफ्ट काय आणि एलिव्हेटर काय, अर्ज परत येणार. पण माझी झोप उडाली ती अर्जामुळे नाही. मला मागच्या आठवड्यातल्या कृष्णाबाई आठवल्या.

कृष्णाबाई समीक्षाच्या तीन इमारतींपैकी एका इमारतीत, गुलमोहरमध्ये, पाचव्या मजल्यावर राहतात. त्या दिवशी दुपारी त्यांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. नंबर आतल्या स्टिकरवर, आणि चष्मा घरी. बाहेर उभ्या सुनेला कंपनीच्या नावातलं 'कातळेश्वर' तेवढं आठवलं. तिने ते मोबाइलवर शोधलं आणि आलेल्या नंबरवर फोन लावला. एका माणसाने उचलला. गुलमोहर सोसायटी ऐकल्यावर म्हणाला, "पोरगा पाठवतो, पाच मिनिटांत." मग सगळे पाच मिनिटांची वाट पाहत बसले, कारण फोन तर झाला होता. बऱ्याच वेळाने वॉचमनने सहज म्हणून समीक्षाला फोन केला, "मॅडम, कितना टाइम?" तिला काहीच माहीत नव्हतं.

ती धावत गेली. दार उघडेपर्यंत आतल्या बाईशी बोलत राहिली. "काकू, लिफ्ट पडत नसते. खाली बसा. आज भाजी काय केलीत?"

आतून रडवेला आवाज आला, "गवार."

"मग बरं झालं अडकलात. गवार कोण खातं?"

कृष्णाबाई बाहेर आल्या त्या हसत, पण पुढे जिन्यानेच गेल्या. समीक्षा मात्र घरी येऊन दोन दिवस विचारत होती, "मी नाही, तर 'पाठवतो' म्हणाला कोण?" रागाच्या भरात सुनेने तो नंबरही पुसून टाकला होता, आणि समीक्षाने मोबाइलवर आपलं पूर्ण नाव शोधलं तर तिचाच नंबर आला.

तो कोण होता, ते आता मला कळलंय. त्याचं काही चुकलेलं नाही. मुलुंडला गुलमोहर नावाची सोसायटी नसेल असं थोडंच आहे! त्याने आपला माणूस आपल्याच गुलमोहरला पाठवला असणार.

मी त्या कंपनीचं पान उघडलं. संचालकाचं नाव लवू, आणि आडनाव आमच्या गावचं. खालच्या वाडीतला असावा. मग तर हसावं की रडावं कळेना. त्यानेही कौल लावूनच नाव ठेवलं असणार, आणि पाकळ्या चिकटवणारा दादू गुरवच असणार.

समीक्षाला आत्ता उठवलं तर ती काय करेल, ते मला ठाऊक आहे. उद्या मुलुंडला जाईल, लवूला भेटेल, गावची ओळख निघेल आणि तो ना हरकत लिहून देईल. आजोबांना दिलेला शब्द राहील. कागद होईल. कांदिवलीच्या सातही विंगमध्ये तेच नाव लागेल. आणि मग एखाद्या दुपारी पुन्हा कुणीतरी मोबाइलवर कातळेश्वर शोधेल. आत बसलेल्याला दम्याचा त्रास असेल, लहान मूल असेल. पलीकडून कुणीतरी "पाठवतो" म्हणेल. पुढचं मला मनातसुद्धा आणवत नाही, तरी येतं.

मघाशी मी 'वरखाली' हेही नाव घालून पाहिलं. त्या नावाची कंपनी कुठेच नाही. नाव मला अजूनही आवडत नाही. ऐकलं की मला तो खड्डा दिसतो. पण ते शोधणाऱ्याला एकच माणूस सापडेल, आणि तो खरोखर येईल.

मघाशी ह्यांना उठवलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि कूस बदलत म्हणाले, "बाबांना कोण सांगणार?"

लग्न होऊन आले तेव्हापासून मी बाबांना उलट बोललेले नाही. गरजही पडली नाही, मधे हे असायचे. बाबा उजाडायच्या आधी उठतात. चहाचं आधण ठेवतात आणि ते उकळेपर्यंत फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभे राहतात. समीक्षा त्यानंतर तासाभराने उठते. मी तेवढ्यात फोन करणार आहे. नाव बाबांनीच बदललं तर तिचा शब्दही मोडणार नाही. सांगेन, "बाबा, देवाने हे नाव खालच्या वाडीतल्या लवूला आधीच दिलंय. दादूला विचारा. एकदा दिलेलं नाव देव दुसऱ्याला कसं देईल? परत कौल लावा, आज सकाळीच."

चहा होईपर्यंत ते ऐकून घेतात. तेवढ्यात सांगून टाकायचं.